मुक्त पत्रकारिता आणि कंपन्यांसाठी लेखन: दोन्ही करायचं ठरवण्याआधी

मानधनाची तुलना शब्दांवर नको, तासांवर करा. वार्तालेखात विषय सुचवणं, मुलाखती, कागदपत्रं, तथ्यांची पडताळणी, संपादकाच्या शंका यांत गेलेला वेळ मानधनात क्वचितच धरलेला असतो. कंपनीच्या कामात माहिती बरीचशी आयती मिळते, पण वेळ मंजुरीत जातो. मार्केटिंगवाले एक सांगतात, कायदा विभाग नेमकं तेच खोडतो. म्हणून दुरुस्तीच्या दोनच फेऱ्या आणि सगळे शेरे एकाच व्यक्तीकडून, हे आधीच लिहून घ्यावं. तिसऱ्या फेरीचे पैसे वेगळे.

पैसे हाती कधी येतात, यातही फरक आहे. लेखाचे पैसे छापून आल्यावर मिळणार असतील, तर लेख रखडला की तेही रखडतात. लेख रद्द झाल्यास किती देणार, हे होकाराच्या वेळीच विचारा. कंपनीकडून आगाऊ रक्कम मागता येते. उरलेलं बिल मात्र 30 ते 60 दिवस अडकू शकतं. नाव आणि हक्क लेखात बहुधा तुमच्याकडे काही प्रमाणात राहतात, कंपनीच्या मजकुरात सहसा दोन्ही जातात. तो मजकूर आपल्या कामाचा नमुना म्हणून दाखवण्याची परवानगी करारातच घ्या.

खरा पेच हितसंबंधांचा. ज्या क्षेत्राची बातमीदारी करता, त्या क्षेत्रातलं कंपनीचं काम घेऊच नये. आरोग्य हा तुमचा विषय असेल, तर औषध कंपनी नको, तिची प्रतिस्पर्धी नको आणि त्या उद्योगाची संघटनाही नको. मालवाहतुकीच्या सॉफ्टवेअरची माहितीपत्रकं खुशाल लिहा. एजन्सीमार्फत काम आलं, तर शेवटचा ग्राहक कोण, हे कळल्याशिवाय होकार देऊ नका; गफलत इथेच होते. लेखाशी संबंधित कंपनीसाठी पूर्वी काम केलं असेल, तर लेखाचा विषय सुचवतानाच संपादकाला लेखी कळवा. छापून आल्यावर कळलं, तर काम प्रामाणिक असूनही विश्वास जातो. ‘आमच्याबद्दल कुठेतरी छापून आणा’ ही मागणी ग्राहकाकडून कधी ना कधी येतेच, तेव्हा नकाराचं कलम करारात आधीच असू द्या.

तीन महिन्यांचा खर्च गाठीशी नसेल, तर आधी कंपन्यांची कामं धरा, पण मासिक करारात तासांची मर्यादा घाला, नाहीतर बातमीसाठी दिवस उरत नाही. निम्म्याहून जास्त उत्पन्न एकाच ग्राहकाकडून येऊ लागलं, तर दुसरा शोधायला लागा. उद्योग-अर्थ विषयावर शोधपत्रकारिता करणाऱ्यांनी मात्र कंपन्यांपेक्षा भाषांतर, संपादन किंवा अध्यापन निवडलेलं बरं, कारण त्यांच्यासाठी जवळपास प्रत्येक कंपनी उद्याची बातमी असू शकते.