रीफ टँकमधले रॉक हलवायचेत: एका दिवसात, हळूहळू, की नुसती कोरलं?

रीफ टँक, म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या कोरलांचा (प्रवाळांचा) आणि माशांचा टँक, दोन-तीन वर्षं छान चाललेला असतो आणि एक दिवस समोर बसल्या बसल्या लक्षात येतं की रॉकची भिंत मागच्या काचेला टेकलीय, तिच्यामागे गाळ साठतोय, पाणी फिरत नाही आणि कोरलं एकमेकांच्या अंगावर आलीत. मग हात शिवशिवतात. थांबा जरा.

रस्ते तीन आहेत. एक, दर दोन आठवड्यांनी एक-दोन रॉक हलवायचे. दोन, सुट्टीचा दिवस काढून सगळं बाहेर आणि नव्याने मांडणी. तीन, रॉकला हातच लावायचा नाही, फक्त कोरलं आणि वेव्हमेकर (पाणी फिरवणारा पंप) इकडेतिकडे करायचे.

सगळे पहिला प्रश्न हाच विचारतात की सायकल, म्हणजे अमोनिया पचवणाऱ्या बॅक्टेरियांची घडी बसणं, परत पहिल्यापासून सुरू होईल का. सहसा नाही होत. कामाचे बॅक्टेरिया पाण्यात फारसे नसतात, ते रॉकला चिकटलेले असतात, रॉक डावीकडे आहे का उजवीकडे याचं त्यांना काही पडलेलं नाही, टँकच्याच पाण्यात ओले राहिले, उबेत राहिले, पाणी हलतं राहिलं की झालं. खरी भानगड रॉकखालच्या वाळूत असते. म्हणून माझं मत असं की तीन रस्त्यांपैकी कुठला घ्यायचा हे एकाच गोष्टीवर ठरवा, तळाचे रॉक हलवावे लागणार आहेत का?

हे मी शहाणपणाने नाही, फजिती होऊन शिकलोय. मी हळूहळूवाला होतो. वरचे चार रॉक दीड महिन्यात आरामात सरकवले, काही झालं नाही, अंगात आलं आणि मग तळाचा मोठा रॉक भरल्या टँकमध्येच उचलला. खाली ताटाएवढा काळा डाग, त्यातून बुडबुडे, सडलेल्या अंड्याचा वास आणि दोन मिनिटांत समोरची काच दिसेना. तो वास हायड्रोजन सल्फाइडचा, म्हणजे ऑक्सिजन न पोचणाऱ्या वाळूत तयार होणारा विषारी वायू. मासे वरच्या कोपऱ्यात जाऊन भराभर कल्ले हलवत होते. ताबडतोब पाणी बदललं, कार्बन (विष शोषणारा कोळसा) टाकला, मासे वाचले, पण एक टॉर्च कोरल आठवडाभर मिटून बसलं ते बसलंच.

तर हळूहळूचा फायदा आहेच, पण वरच्या रॉकपुरता. प्रत्येक वेळी मध्ये अमोनिया तपासता येतो, काही बिघडलं तर कशामुळे ते कळतं, आणि मँडरिनसारखा मासा असेल, जो दिवसभर रॉकवरचे कोपेपॉड (बारीक किडे) टिपत जगतो, त्याची खानावळ एकदम बंद पडत नाही. तोटा असा की तीच कोरलं तीन-तीनदा हलतात, माशांना स्वस्थता म्हणून मिळत नाही, आणि अर्धवट रचलेला ढीग मधल्या काळात डगमगता राहतो. शिवाय निम्म्यावर आलं की कंटाळा येतो, हे कुणी कबूल करत नाही.

एका दिवसाचं काम दणक्यात होतं पण तयारी आदल्या दिवसापासून. समुद्री मीठ घातलेलं पाणी चोवीस तास आधी कालवून फिरतं ठेवा, खारेपणा टँकइतकाच (माझा विशिष्ट गुरुत्वात १.०२५ असतो), तापमान तेवढंच. किमान तीस टक्के बदलता येईल इतकं हवं, जास्त असेल तर उत्तमच, ऐन वेळी कमी पडलं तर हात चोळत बसावं लागतं. टँकमधलं स्वच्छ पाणी गाळ ढवळायच्या आधीच टबांत काढून घ्या, रॉक आणि कोरलं वेगळ्या टबांत, मासे झाकणाच्या टबात, प्रत्येकात छोटा पंप आणि जमलं तर हीटर. टँकमधला हीटर पाणी उतरवायच्या आधी बंद करायचा, कोरडा तापला आणि मग पाणी लागलं की काच तडकते. मासे बाहेर गेले की वाळू निवांत सायफन करता येते, म्हणजे नळीने गाळ ओढून काढता येतो. जुनी परत घालणार असाल तर पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवा, नाहीतर नवीन घाला, वाळूतले बॅक्टेरिया गेले तरी रॉकवर पुरेसे असतात. आणि तळाचे रॉक थेट काचेवर बसवून मग भोवती वाळू, उलट करू नका, पिस्तूल श्रिंप (कोळंबी) किंवा गोबी मासा खाली खणतात आणि अख्खा डोलारा काचेवर येतो.

बाहेर जोडणी करायला मिळते हाही मोठा फायदा. सुपरग्लू जेल आणि इपॉक्सी दोन्ही चालतात, मोठ्या सांध्याला ॲक्रिलिकची दांडी घालून. इपॉक्सी जास्त वापरलं तर स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) वेड्यासारखा फेसाळतो, एखादा दिवस बंद ठेवा.

त्या रात्री अमोनिया तपासायचा, सकाळी परत, पुढे आठवडाभर रोज. समुद्री टँकचा पीएच आठच्या वर असतो, त्यात अमोनिया जास्त विषारी ठरतो, त्यामुळे गोड्या पाण्याच्या टँकमध्ये खपून जाणारा अमोनियाचा आकडा इथे माशांना महाग पडतो.

तिसरा रस्ता, म्हणजे रॉकला हातच न लावणं, लोकांना पळपुटेपणा वाटतो. मला नाही वाटत. निम्म्या तक्रारी मांडणीच्या नसतातच, प्रवाहाच्या असतात. वेव्हमेकरची जागा बदला, मोठ्या ड्रॉपरने रॉकच्या खाचांतला गाळ उडवा, फिल्टर सॉक (गाळ अडवणारी कापडी पिशवी) दोन दिवसांनी बदला, असं महिनाभर करून बघा. मग अजूनही हात शिवशिवत असतील तर पुढचं.

रॉक हलवणार असाल तर ते उलटे करू नका. खालच्या अंधाऱ्या बाजूला स्पंज वगैरे वाढलेले असतात, उजेडात आले की मरतात आणि सडतात, आणि आपण म्हणतो अमोनिया कुठून आला. खालचं कोरल वर गेलं तर लाइट निम्म्यावर आणून दोन-तीन आठवड्यांत वाढवत न्यायचा. गॅलॅक्सिया, टॉर्च असल्या कोरलांना शेजारी द्यायचाच असेल तर वीतभर लांब, रात्री त्यांच्या लांब, डंख मारणाऱ्या शेपट्या बाहेर पडतात. दादागिरी करणारा डॅमसेल मासा असेल तर मात्र सगळी मांडणी बदलल्याचा फायदा होतो, त्याची हद्दच पुसली जाते, नवा मासा सोडायला ही वेळ बरी.

एक गोष्ट गमतीवारी नेऊ नका. झोअँथिड आणि पॅलिथोआ या कोरलांसारख्या जीवांमध्ये पॅलिटॉक्सिन हे जहाल विष असू शकतं. हातमोजे आणि चष्मा घालूनच काम, असले रॉक ब्रशने खरवडायचे नाहीत आणि उकळायचे तर अजिबात नाहीत, वाफेतून विष नाकात जातं.

मी आता विचारलं तर सांगतो, आधी महिनाभर तिसरा रस्ता, वरचेच रॉक असतील तर हळूहळू, आणि तळाला हात लागणार असेल तर सरळ एक अख्खा दिवस काढा, भरल्या टँकमध्ये तळ उचलू नका. आणि टब रिकामे करायच्या आधी टॉर्च मारून बघा, माझा गोबी सगळं आवरून झाल्यावर तिसऱ्या टबाच्या तळाशी, तुटक्या रॉकच्या भोकात बसलेला सापडला होता.