फादर प्रोंच्या फोटोची फ्रेम करून घेतली त्याचा अनुभव

आजीच्या प्रार्थनेच्या पुस्तकात फादर मिगेल प्रोंचा एक फोटो होता, पोस्टकार्डाएवढा, कडा पिवळ्या पडलेल्या अन् एक कोपरा वाळवीनं खाल्लेला. आजी गेल्यावर तो नीट फ्रेम करून वैजापूरकडच्या घरी लावायचा ठरवलं, म्हणून संभाजीनगरात गुलमंडीजवळ एका छोट्या फ्रेमवाल्या चाचांकडं दिला.

दोन दिवस सांगून चार दिवस लागले, ते ठीक आहे. पण फ्रेम हातात घेतली अन् काळजात चर्र झालं. माउंटची, म्हणजे फोटोभोवतीच्या जाड कागदाची, पट्टी एवढी रुंद कापलेली की दोन्ही हात मनगटापासून झाकले गेलते.

त्या फोटोत फादर गोळ्या घालायच्या वेळी हात पसरून उभे आहेत, हातच तर सगळं आहे ना. फादर प्रो मेक्सिकोचे, येशू संघ या कॅथलिक धर्मगुरूंच्या संघाचे, जन्म १८९१ चा. १९२६ ला कायेस सरकारनं चर्चवर असे कायदे लादले की चर्चमधली मिस्साच, म्हणजे मुख्य उपासनाच, बंद पडली, त्याविरुद्ध कॅथलिक लोकांचं बंड, क्रिस्तेरो युद्ध, पेटलं, अन् हे फादर कधी भिकाऱ्याच्या वेशात तर कधी पोलिसाच्या वेशात फिरून लोकांना लपूनछपून ख्रिस्तप्रसाद द्यायचे. नोव्हेंबर १९२७ मधे माजी राष्ट्राध्यक्ष ओब्रेगॉनवर बॉम्ब टाकला गेला, त्या हल्ल्यात वापरलेली गाडी आधी त्यांच्या भावाची होती, तेवढ्यावरून धरलं, खटला नाही काही नाही, २३ नोव्हेंबरला सरळ गोळ्या घातल्या. डोळ्याला पट्टी नको म्हणाले, एका हातात क्रूस, एका हातात जपमाळ, हात क्रुसासारखे पसरले अन् ‘ख्रिस्तराजाचा विजय असो’ म्हणाले. भाऊ उंबेर्तोलाही त्याच दिवशी मारलं. लोक घाबरावेत म्हणून सरकारनंच फोटोवाले बोलावले होते, पण झालं उलटंच, लोकांनी तेच फोटो जीवापाड जपले. १९८८ ला पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्यांना धन्यवादित, म्हणजे संतपदाच्या आधीची पायरी, जाहीर केलं.

हे सगळं मी काउंटरवर उभं राहूनच सांगितलं, आवाज जरा भरून आलता. चाचांनी हातातला ब्लेड खाली ठेवला, पूर्ण ऐकलं, चष्मा लावून फोटो जवळ घेतला अन् म्हणाले, "अरे बेटा, पहले बोलना था ना." तिथंच फ्रेम खोलली, मागचे खिळे पकडीनं एकेक काढले, फोटोला चिमटाही लागू दिला नाही. नवीन माउंट दोन्ही बाजूनी बोटभर जागा सोडून कापला, वाळवीच्या कोपऱ्यामागं कागद लावला पण वरून रंग भरला नाही, मी विचारलं तर म्हणाले जुनं आहे ते जुनंच राहू द्या. दुसऱ्यांदाचे पैसे घेतले नाहीत, मी लई आग्रह केला तरी. एकूण ३८० रुपये लागले.

कुणी जुना फोटो नेणार असाल तर माउंट कापायच्या आधी समोर उभं राहून पेन्सिलीची खूण करून घ्या. अन् काच चमक न मारणारी घ्या, थोडी महाग पडते पण आमच्याकडं दुपारी खिडकीतून ऊन थेट फोटोवर येतं तरी दोन्ही हात, अगदी बोटांपर्यंत, दिसतात.