पहिलं फोमचं विमान: ट्रेनर की डेल्टा?

घरी आरसी, म्हणजे रिमोटने उडणारं विमान बनवायचं ठरलं, रिमोट-बॅटरी आली, की बहुतेकांची गाडी या प्रश्नावर अडते. ट्रेनर म्हणजे धडाच्या वर पंख, मागे शेपूट, पुढे मोटर. उडवायला थ्रॉटल (मोटरचा वेग), एलेव्हेटर (नाक वर-खाली) आणि रडर (डावं-उजवं वळण), एवढेच तीन चॅनल. डेल्टाला शेपूटच नाही. अख्खं विमान म्हणजे एक त्रिकोणी पंख, आणि मोटर मागे.

बनवायला डेल्टा सोपं, यात वाद नाही. एका संध्याकाळी शीट कापून, हॉट ग्लूने चिकटवून मोकळे होता. म्हणूनच मीही तिथूनच सुरुवात केली होती. पहिल्या सकाळी तीनदा फेकलं आणि तिन्ही वेळा वीस पावलांच्या आत ते गवतात होतं. विमानाचं काय चुकतंय आणि माझं काय चुकतंय, हे कळायला वेळच मिळत नव्हता.

शिकणाऱ्याला हवा असतो तो हा वेळच, आणि ट्रेनर तो देतं. त्याचे पंख इंग्रजी व्हीसारखे थोडे वर उचललेले असतात. मीटरभर पंखाला प्रत्येक टोक 6–7 सेंमी वर. एक पंख खाली गेला की विमान त्या बाजूला घसरायला लागतं. मग खालच्या पंखाला हवा जास्त कोनातून लागते आणि तो आपोआप वर येतो. म्हणजे गोंधळलात तर थ्रॉटल थोडा कमी करा, दोन्ही स्टिक मोकळ्या सोडा. उंची असेल तर विमान स्वतःच सावरतं. डेल्टा असं सावरत नाही. तुम्ही जसं वाकवलंत तसंच ते वाकलेलं राहतं, आणि तेही वेगात.

दुसरी अडचण नजरेची. विमान तुमच्याकडे येताना डावं-उजवं उलटं होतं, आणि नवशिक्यांची सगळ्यात जास्त विमानं इथेच पडतात. ज्या बाजूचा पंख खाली दिसतोय त्याच बाजूला स्टिक द्यायची, हे हातात भिनायला कित्येक सकाळी जातात. ट्रेनरचं धड आणि शेपूट दिसत असल्याने ते येतंय की जातंय हे लांबूनही कळतं. डेल्टा शंभर मीटरवर गेलं की आकाशात नुसती एक रेघ उरते. डेल्टाच करणार असाल तर पंखाची एक बाजू खालून भडक रंगाच्या टेपने झाका.

तोल दोन्हीकडे महत्त्वाचा, पण ट्रेनर थोडं चालवून घेतं. 20 सेंमी रुंद पंखाला पुढच्या कडेपासून 5–6 सेंमीवर दोन बोटं लावून उचला. नाक किंचित खाली झुकलं तर उत्तम. बॅटरी पुढे-मागे सरकवून हे जमवता येतं. डेल्टात तोल आराखड्यात दाखवलेल्या जागेपासून बोटभर मागे गेला तरी विमान हातातून सुटताच नाक वर करून कोसळतं.

फेकतानाही फरक पडतो. ट्रेनर अर्ध्याहून जास्त थ्रॉटलवर खांद्यावरून सरळ ढकलायचं. डेल्टाचं प्रॉप (मोटरवरचा पंखा) तुमच्या हाताच्या मागे फिरतं, म्हणून मोटर बंद ठेवूनच फेकायचं आणि हात सुटल्यावर थ्रॉटल द्यायचा. बोटांच्या बाबतीत यात कसलीही तडजोड नको. सुरुवातीला फेकायला दुसरं माणूस असू द्या.

वाऱ्यात मात्र डेल्टा सरस. हलकं ट्रेनर ताशी पंधरा किलोमीटरच्या वाऱ्यातही पतंगासारखं हेलकावतं. किनाऱ्याजवळ राहत असाल तर खारे वारे सुटायच्या आत, सकाळी आठपर्यंत उडवून घ्या. पडण्याचा मारही डेल्टा जास्त सोसतं, विशेषतः ईपीपी या लवचीक फोमचं असेल तर. ट्रेनरचं नाक दुमडतं, पण मैदानातच चिकटवता येतं. साध्या थर्माकोलला फेविक्विक लावू नका, फोम विरघळून खड्डा पडतो.

मैदान कोणतंही असो, आधी सरकारच्या डिजिटल स्काय वेबसाइटवरच्या ड्रोन-नकाशावर ते हिरव्या, म्हणजे उडवायला मोकळ्या क्षेत्रात येतं का पाहा. तिथेही उंचीची मर्यादा जास्तीत जास्त 400 फुटांची.

माझं मत स्पष्ट आहे: आधी ट्रेनर. अपवाद एकच, सिम्युलेटरवर विमान तुमच्याकडे तोंड करून उडवण्याचा सराव पक्का झाला असेल तर. पुढे डेल्टा बनवलंत तर ट्रेनरवरचा खर्च वायाही जात नाही, कारण दोन्हींना दोनच सर्व्हो (पट्ट्या हलवणाऱ्या छोट्या मोटरी) लागतात. तीच मोटर, तोच ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट), तीच 11.1 व्होल्टची बॅटरी. नव्याने लागतो तो फक्त फोम, आणि रिमोटमध्ये एलेव्हॉन मिक्सिंग चालू करावं लागतं, म्हणजे पंखामागच्या दोन पट्ट्याच नाक वर-खाली करणं आणि वळणं ही दोन्ही कामं करतात. मोटर मागे बसवताना प्रॉपवरचे आकडे विमान जाणार त्या दिशेलाच ठेवा. मोटर उलटी फिरली तर तिच्या तीनपैकी कोणत्याही दोन वायरी अदलाबदल करा.