चार टीबीच्या ड्राइव्हमध्ये निघाले साठ जीबी

घरच्या कॉम्प्युटरवर बारा वर्षांचे फोटो होते. त्यातले पहिल्या दोन वर्षांचे वाचले, तिसऱ्याचे अर्धे. बाकी गेले. डिस्क बिघडली नव्हती, व्हायरसही नव्हता. मला खोटा ड्राइव्ह विकला गेला होता, आणि तो ओळखायला दहा मिनिटं पुरली असती.

कॉम्प्युटरवर लिनक्स (विंडोजसारखी, पण मोफत ऑपरेटिंग सिस्टिम) नव्याने टाकायचं होतं, म्हणून बॅकअपसाठी ऑनलाइन बाहेरून जोडायचा एसएसडी (चिपवर डेटा साठवणारा ड्राइव्ह) मागवला. वर ४ टीबी छापलेलं, किंमत मात्र इतरांच्या पाव हिस्साही नव्हती. शंका आली होती, पण अभिप्राय शेकड्यांनी आणि सगळे चांगले. ते पाकीट उघडल्याच्या दिवशी लिहिलेले असतात, हे तेव्हा सुचलं नाही. असा ड्राइव्ह खऱ्या जागेपेक्षा जास्त डेटा टाकल्याशिवाय उघडा पडत नाही, आणि तोवर परत करायची मुदत संपलेली असते.

जोडल्यावर 'एलएसबीएलके'ने (जोडलेल्या डिस्कची यादी दाखवणारी लिनक्सची कमांड) ३.६ टी दाखवलं. ती १०२४च्या पटीत मोजते, म्हणजे बरोबर ४ टीबी. पण हा आकडा लिनक्स मोजत नाही, ड्राइव्हमधली कंट्रोलर चिप सांगते तो खरा मानतं. त्या चिपचं फर्मवेअरच, म्हणजे तिच्यात भरलेला प्रोग्रॅमच, खोटं बोलत होतं. खरी जागा संपल्यावर आलेला डेटा ती 'लिहिला' म्हणून सांगते आणि टाकून देते. 'डीमेसेज'मध्ये, म्हणजे लिनक्सच्या संदेशांच्या नोंदीत, एकही एरर नव्हती.

दर वर्षाच्या फोटोंची एक टार-जीझिप (एकत्र बांधून दाबलेली) फाइल केली आणि 'आरसिंक' या कॉपी करायच्या साधनाने रात्रभर कॉपी केली. सकाळी खात्रीसाठी 'आरसिंक' पुन्हा चालवलं, तर कॉपी करायला काहीच उरलं नव्हतं. मी निर्धास्तपणे जुनी डिस्क फॉरमॅट केली. 'आरसिंक' एरवी फक्त फाइलचा आकार आणि बदलाची वेळ ताडून पाहतं, आणि ती नोंद ड्राइव्हच्या सुरुवातीच्या, खऱ्या भागात शाबूत होती. महिन्याभराने चौथी फाइल उघडली तर 'नॉट इन जीझिप फॉरमॅट'. फाइलमधले कच्चे बाइट दाखवणाऱ्या 'हेक्सडंप'मध्ये नुसती शून्यं. ते पाहून मी बराच वेळ तसाच बसून राहिलो.

ड्राइव्हची खरी जागा तपासणारं 'एफ३' नावाचं मोफत साधन आहे, बहुतेक डिस्ट्रोंच्या (लिनक्सच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांच्या) सॉफ्टवेअर भांडारात मिळतं. त्यातल्या 'एफ३प्रोब'ने माझ्या ड्राइव्हची खरी जागा काही मिनिटांत दाखवली: साठ जीबीच्या आत. हे रिकाम्या ड्राइव्हवरच चालवा, आणि आधी 'एलएसबीएलके'मध्ये डिव्हाइसचं नाव दोनदा वाचा. एक अक्षर चुकलं तर भलत्याच डिस्कवरचा डेटा जाऊ शकतो. पूर्ण खात्री हवी असेल तर 'एफ३राइट'ने ड्राइव्ह काठोकाठ भरा, काढून पुन्हा जोडा आणि मग लिहिलेलं वाचून ताडणारं 'एफ३रीड' चालवा. काढून जोडणं महत्त्वाचं, नाहीतर काही डेटा मेमरीतल्या कॅशमधूनच वाचला जातो. यूएसबीला जोडलेली उपकरणं दाखवणाऱ्या 'एलएसयूएसबी' कमांडला 'टी' पर्याय देऊन वेगही पाहा. यूएसबी ३ म्हणून घेतलेल्या माझ्या ड्राइव्हपुढे ४८०एम (सेकंदाला ४८० मेगाबिट) लिहिलेलं होतं, म्हणजे जुन्या, हळू यूएसबी २चा वेग. तेवढ्यावरूनच मला थांबायला हवं होतं.

विक्रेत्याचं उत्तर आलं, 'लिनक्सला सपोर्ट नाही, विंडोजवर वापरा.' हे धादांत खोटं आहे. जागा नसेल तर ती कुठल्याच सिस्टिमवर नसते. शेवटी मी ड्राइव्ह उघडला. आत छोट्या सर्किटवर एक मायक्रोएसडी कार्ड गोंदाने चिकटवलेलं होतं. मुदत संपल्यामुळे पैसे मिळाले नाहीत, पण 'एफ३प्रोब'चा निकाल आणि कार्डाचा फोटो जोडून त्याच पानावर एका ताऱ्याचा अभिप्राय टाकला आहे.