फ्रॉइड आधी की एरिक्सन आधी?

आमच्या बेळगावकडच्या खानापूर भागातली बी.एड. करणारी मुलं सुट्टीला गावी आली की विचारतात, "गुरुजी, लहानपण माणसाला कसं घडवतं हे नीट समजून घ्यायचंय. फ्रॉइडपासून सुरुवात करू की एरिक्सनपासून?" परीक्षेपुरते हे दोघेही मानसशास्त्रज्ञ त्यांना पाठ असतात. मनाच्या वाढीच्या फ्रॉइडच्या पाच अवस्था, एरिक्सनच्या आठ, कोणती कितव्या वर्षी, सगळं घडाघडा सांगतात. म्हणून ते इथं पुन्हा लिहीत नाही. पुस्तक मिटल्यावर, समोर पोर उभं असताना, दोघांपैकी कोण उपयोगी पडतो, तेवढंच सांगतो. माझी नोकरी सगळी तिसरी-चौथीच्या वर्गांवर झाली, तेव्हा माझं मत त्या वर्गातून आलेलं आहे हे धरून वाचावं.

फ्रॉइडचं ऋण मोठं आहे. मोठ्या माणसाच्या स्वभावात त्याचं तान्हेपण जिवंत असतं, हे त्यानं १९०५ साली इतक्या धीटपणे मांडलं की त्यानंतर कुणालाच ते टाळता आलं नाही. त्याची नजर तर विलक्षण होती. टापटीप, चिक्कूपणा आणि हट्ट हे तीन गुण एकाच माणसात एकत्र सापडतात, असं त्यानं १९०८ मध्ये लिहिलं. ते वाचताना माझे थोरले चुलते डोळ्यांसमोर उभे राहिले. कपाटाची किल्ली करगोट्याला, गुळाच्या ढेपेवर सुरीची खूण, आणि एकदा नाही म्हटलं की नाहीच. पण फ्रॉइड याचं मूळ शी-शूच्या शिस्तीत शोधतो, आणि तिथं मी अडतो. त्या घरात आजी, तीन काकू, एक आत्या आणि मागच्या दारी उघडं रान. कुणी कुणाला कसली शिस्त लावली हे घरात कुणालाच सांगता येणार नाही. निरीक्षण पटतं, कारण पटत नाही.

त्याच्या लिखाणातलं घरही वेगळं आहे. आई, बाप आणि मूल, एवढंच. कलकत्त्याचे गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२ मध्ये भारतीय मनोविश्लेषण संस्था उभी केली. त्यांनी फ्रॉइडला पत्रं लिहिली, त्याचा आदर राखला, तरी इडिपस गंडाबद्दल, म्हणजे मुलाला आईची ओढ आणि बापाचा मत्सर वाटतो या फ्रॉइडच्या कल्पनेबद्दल, आपलं वेगळं मत त्याला कळवलंच. ते वाचून मला धीर आला होता.

पण माझा निर्णय झाला तो एका वेगळ्याच खटकणाऱ्या गोष्टीमुळे. फ्रॉइडच्या मांडणीत साधारण सहाव्या वर्षापासून वयात येईपर्यंतच्या काळाला नाव आहे सुप्तावस्था. म्हणजे महत्त्वाचं जे घडायचं ते घडून गेलं, आता थोडी विश्रांती. त्या वर्षांत लाज, किळस आणि नीतीचे बांध घातले जातात असं तो म्हणतो, त्याचं श्रेय त्याला दिलंच पाहिजे. तरीही स्वतःचा असा पेच त्या काळाला नाही. आणि नेमकी तीच वर्षं माझ्यापुढे बाकावर बसलेली असायची! ज्या वयाची मुलं रोज दहा ते पाच सांभाळायची, त्याच वयाबद्दल एवढा मोठा माणूस इतकं थोडं बोलतो, हे मला फार लागलं.

एका मुलाची गोष्ट सांगतो. बाप मजुरीला धारवाडकडे होता, म्हणून मुलाची पहिली-दुसरी कन्नड शाळेत झाली. नंतर कुटुंब गावी परतलं आणि पोरगा तिसरीला माझ्या मराठी वर्गात आला. घरी मराठीच बोलायचा, पण बाराखडी येत होती कन्नड. तिकडे पहिला नंबर काढणारा मुलगा इथं दोन महिन्यांत 'ढ' ठरला. हात वर करायचा बंद झाला. वाचनाच्या दिवशी सकाळी पोट दुखायला लागलं. माझ्या डोक्यात तेव्हा प्रशिक्षणात शिकलेला फ्रॉइड. मी त्याच्या आईला बोलावून घेतलं आणि विचारत सुटलो. अंगावरचं दूध कधी सोडवलं, धाकटी झाली तेव्हा हा केवढा होता, बापाचा मार खातो का. ती माउली पदराला डोळे पुसत म्हणाली, "माझंच कायतर चुकलं असंल न्हवं, गुरुजी?" तो प्रश्न मला आजही बोचतो. तिचं काहीही चुकलं नव्हतं. आणि एवढं सगळं विचारून झाल्यावर सोमवारी सकाळी वर्गात काय करायचं, ते मला कळलेलं नव्हतंच.

एरिक्सन मी त्याच वर्षी दिवाळीच्या सुट्टीत पुन्हा काढला. या वयाचा पेच तो उद्यमशीलता विरुद्ध न्यूनगंड असा मांडतो. मला काहीतरी करता येतं, की मी इतरांपेक्षा कमी आहे? या वयात मुलाचं मन याच प्रश्नाभोवती फिरतं आणि उत्तर त्याला शाळेत, सोबत्यांत, हातातल्या कामात मिळतं. सुट्टीनंतर मी त्या मुलाला एकच काम दिलं. पंचायतीची नोटीस, बसची पाटी, बियाण्याच्या पिशवीवरची अक्षरं, जे काही कन्नडमध्ये असेल ते वर्गाला वाचून दाखवायचं आणि कन्नडच्या तासाला दोन-दोन मुलांना अक्षरं गिरवून द्यायची. होळीपर्यंत तो देवनागरी वाचायला लागला होता. पोटदुखी कधी थांबली ते माझ्या लक्षातही आलं नाही. एका मुलावरून सिद्धांत ठरत नसतो हे मला मान्य आहे. कदाचित तो नुसता वेळ गेल्यामुळेही सावरला असेल. पण काय करून बघायचं हे मला एरिक्सननं सुचवलं.

याचं कारण मला त्याच्या आयुष्यात दिसतं. फ्रॉइडनं बालपण बहुतेक मोठ्या रुग्णांच्या आठवणींतून उभं केलं. घोड्याला भिणाऱ्या छोट्या हान्सचा त्याचा अभ्यास १९०९ मध्ये छापला गेला, पण त्यातले उपचार मुख्यतः मुलाच्या वडिलांमार्फत झाले. उपचारांच्या काळात फ्रॉइड त्या मुलाला एकदाच भेटला. एरिक्सन आधी मास्तर होता. व्हिएन्नातल्या एका छोट्या शाळेत तो शिकवायचा, माँटेसरीचं प्रमाणपत्र त्यानं घेतलं होतं, आणि विद्यापीठाची पदवी त्याच्याकडे कधीच नव्हती. मनोविश्लेषण तो फ्रॉइडच्या मुलीकडे, ॲना फ्रॉइडकडे शिकला, म्हणजे मूळ घर तेच. फक्त त्यानं त्या घराच्या खिडक्या गल्लीकडे उघडल्या.

किशोरवयाचा पेच एरिक्सन 'मी कोण' या ओळखीचा मानतो, आणि त्याबद्दल इथल्या माणसाला जास्त सांगायला नको. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत आमचा मराठी बोलणारा भाग कन्नड राज्यात गेला, तेव्हापासून आमच्याकडे घरात एक भाषा, कचेरीत दुसरी आणि अर्जावरचं नाव तिसऱ्याच वळणाचं. सोळा-सतराव्या वर्षी 'मी नेमका कुठला' हा प्रश्न पडतो, तेव्हा त्याचं उत्तर एकट्या आईबापांत सापडत नाही. एरिक्सनला स्वतःचा जन्मदाता बाप कधीच कळला नाही, आणि अमेरिकेचा नागरिक होताना, १९३९ मध्ये, त्यानं आडनावसुद्धा स्वतःच घेतलं. हा प्रश्न त्यानं आतून सोसलेला होता.

त्याच्यातही उणिवा आहेत. आठही खण जरा जास्तच सारखे बसवलेले वाटतात. मत्सर, स्वप्नं, मनात दडपलेला राग यांच्याबद्दल तो फ्रॉइडइतका खोल उतरत नाही. स्वतःच्याच वागण्याचं कोडं उलगडायचं असेल, किंवा मोठ्या माणसांच्या समुपदेशनात पडायचं असेल, तर फ्रॉइड आधी वाचा असं मी बिचकत का होईना, म्हणेन.

जूनपासून पहिली ते सातवीचा वर्ग हातात येणार असेल, तर मात्र एरिक्सनचं १९५० सालचं 'चाइल्डहूड अँड सोसायटी' घ्या आणि सातवं प्रकरण आधी उघडा. त्यात शाळेच्या वयाबद्दल दोन-तीनच पानं आहेत. वर्गात जाण्याच्या आदल्या रात्री तेवढी वाचून होतात.