डॉक्टरची गाडी निघाली मुंबईची टॅक्सी!

जालन्यातल्या एका जुन्या गॅरेजात आमच्या प्रीमियर पद्मिनीचं डेंटिंग-पेंटिंग करून घेतलं. काम एक नंबर. उस्तादांना घाई माहीतच नाही. पॉलिश पेपरनं पांढरा रंग घासत गेले, तर टपावर पिवळा अन् दारांवर काळा निघाला! समोर डाव्या बाजूला लांबी (पुट्टी) भरून बुजवलेली छिद्रं दाखवत म्हणाले, "साहेब, इथं मीटर होतं." विकणाऱ्यानं मात्र 'डॉक्टरची गाडी, एकहाती वापर' म्हणून गळ्यात मारलेली.

सडलेला पत्रा कापून नवा वेल्ड केलाय, नुसती लांबी थापलेली नाही. स्टेअरिंगजवळचा गिअरही आता अलगद पडतो. पावती मात्र मागून घ्यावी लागते, अन् लग्नसराईत गाडी लागणार असेल तर यांच्या तारखेवर अजिबात विसंबू नका.