अपघात भरपाईचा दावा : साताऱ्यातील एका वकील कार्यालयाच्या सेवेविषयी

वकिलांना जाहिरात करण्यास बार कौन्सिलच्या नियमांनुसार मनाई असल्याने या कार्यालयाचे नाव येथे देत नाही. मात्र ज्यांच्या घरात अपघाताची जखम आणि दाव्याची फाईल एकदमच आली आहे, त्यांना अशा कार्यालयाकडून काय अपेक्षित धरावे याची कल्पना यावी, म्हणून हा अभिप्राय लिहीत आहे.

माझ्या थोरल्या भावाची गावात पिठाची गिरणी आहे. 2023 च्या जानेवारीत त्याच्या दुचाकीला मागून टेम्पोने धडक दिली, उजव्या पायाचे नडगीचे हाड मोडले आणि आत रॉड बसवावा लागला. तो रुग्णालयात असतानाच एक मध्यस्थ गृहस्थ खाटेपाशी येऊन बसले व मिळेल त्या भरपाईतील चौथा हिस्सा त्यांचा, या बोलीवर कोऱ्या वकीलपत्रावर सही मागू लागले. निकालावर अवलंबून असलेली किंवा मिळालेल्या रकमेत वाटा ठेवणारी फी ठरवण्यास वकिलांना बंदी आहे, हे आम्हांला तेव्हा ठाऊक नव्हते. या गृहस्थांच्या आश्वासनांवर तीन महिने गेले. दावा अपघातापासून सहा महिन्यांच्या आत दाखल करावा, अशी तरतूद 1 एप्रिल 2022 पासून मोटार वाहन कायद्याच्या कलम 166 मध्ये पुन्हा आलेली असल्याने, ते तीन महिने आम्हांला फार महागात पडले असते.

चौथ्या महिन्यात आम्ही या कार्यालयात गेलो. वकीलसाहेबांनी पहिल्याच भेटीत फी 35 हजार रुपये, तीन टप्प्यांत, असे कागदावर लिहून दिले आणि किती रक्कम मिळेल या प्रश्नाचे उत्तर देण्याचे टाळून आधी भावाला विचारले की, तो दिवसातून किती तास उभा राहतो. त्या वेळी हा प्रश्न मला विषय बदलण्यासाठी विचारल्यासारखा वाटला. प्रत्यक्षात सगळा दावा त्यावरच उभा होता.

अपंगत्वाच्या दाखल्यावर उजव्या पायाचे अपंगत्व 30 टक्के लिहिलेले होते आणि आम्ही घरी त्याच आकड्यावर हिशेब मांडून बसलो होतो. साहेबांनी समजावले की, एका अवयवाचे अपंगत्व, संपूर्ण शरीराचे अपंगत्व आणि कमाईच्या क्षमतेत आलेली घट या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, व भविष्यातील कमाईची भरपाई तिसऱ्या गोष्टीवर ठरते. सर्वोच्च न्यायालयाने 2010 च्या राजकुमार विरुद्ध अजयकुमार या निकालात हेच सांगितले आहे : डावा हात गेलेला सुतार किंवा चालक कमाईला जवळजवळ पूर्णपणे मुकतो, तर तसाच हात गेलेल्या सरकारी कारकुनाची नोकरी टिकूही शकते. दळणाचे डबे उचलून गिरणीत ओतणाऱ्या माणसाचा पाय आणि खुर्चीत बसून काम करणाऱ्याचा पाय दाखल्यावर सारखाच दिसतो, म्हणून त्यांनी भावाच्या कामाचे तपशीलवार वर्णन प्रतिज्ञापत्रात घातले.

हिशेब त्यांनी आमच्यासमोरच मांडला. मासिक उत्पन्न 15 हजार, म्हणजे वर्षाचे 1,80,000. वय 42 व स्वतःचा व्यवसाय असल्याने भविष्यातील वाढीपोटी 25 टक्के मिळवून 2,25,000. कमाईतील घट 20 टक्के धरल्यास 45,000. आणि 41 ते 45 या वयोगटाचा गुणक, म्हणजे वर्षाच्या घटीला ज्याने गुणायचे तो आकडा, 14 असल्याने 6,30,000. उपचाराचा खर्च, शुश्रूषा, प्रवास, बुडालेली कमाई व वेदना यांची भरपाई वेगळी. टेम्पोच्या विमा कंपनीने घट 10 टक्केच धरावी असा आग्रह धरला, तेव्हा वर्षे आणि उत्पन्न तेच राहूनही रक्कम थेट निम्म्यावर, 3,15,000 वर येत होती.

उत्पन्नाचा पुरावा ही खरी अडचण होती, कारण भावाने आयकर विवरणपत्र कधीच भरले नव्हते. येथे या कार्यालयाची कल्पकता दिसली. त्यांनी गिरणीच्या जोडणीची अपघातापूर्वीच्या व नंतरच्या महिन्यांची वीजबिले मागवली. वापराचे युनिट कसे खाली आले हे त्यातून आपोआपच दिसत होते. औषधांची छापील बिले त्यांनी तारखेनुसार लावून घेतली, आणि साध्या चिठ्ठीवर लिहिलेला रिक्षाचा खर्च ग्राह्य धरला जाईल अशी आशा ठेवू नका, असे स्पष्ट सांगितले.

उणिवाही आहेत. दूरध्वनी क्वचितच उचलला जातो. साध्या तारखांना कनिष्ठ वकील येत असत व त्यांना फाईलमधील पंचनाम्याची प्रत एकदा सापडली नाही, त्यामुळे एक तारीख वाया गेली. अपंगत्वाच्या दाखल्यासाठी डॉक्टरांची साक्ष लागू शकते, हे आम्हांला फार उशिरा कळवण्यात आले.

शेवटी लोकअदालतीत प्रकरण मिटले. तडजोडीच्या निवाड्यावर अपील होत नाही, मोटार अपघात दावा न्यायाधिकरणासमोर लढल्यास कदाचित अधिक मिळेल पण कंपनी अपिलात जाऊ शकते, अशा दोन्ही बाजू सांगून साहेबांनी निर्णय भावावर सोडला. कंपनीचा पहिला प्रस्ताव 4 लाखांचा होता, मिटले ते साडेसहा लाखांवर. मला तरी ताणून धरले असते तर आणखी मिळाले असते असे वाटते, पण रॉड काढण्याची दुसरी शस्त्रक्रिया समोर होती आणि पाय भावाचा होता. फी ठरली तेवढीच घेतली गेली, पावतीसह.